सरासरी म्हणते विद्राव्य, प्रथिन मात्र पटलात: ३४६ अमिनो आम्लांच्या एका क्रमाचा प्रकरण अभ्यास

ग्राम-ऋण जीवाणूच्या (ज्याच्या पेशीला आतले आणि बाहेरचे अशी दोन चरबीयुक्त पटले असतात) जीनोममधून ३४६ अमिनो आम्लांचा एक क्रम हाती येतो. हे प्रथिन पटलात रुतून बसणारे आहे की पाण्यात विरघळणारे, एवढेच ठरवायचे आहे. पुढचे सगळे काम या उत्तरावर अवलंबून असते. पेशी फोडल्यावर वरचे द्रावण ठेवायचे की तळाचा गाळ, डिटर्जंट लागेल की नाही, स्फटिकीकरणाचा प्रयत्न कोणत्या वाटेने करायचा, हे सारे त्यावरूनच ठरते.

अभ्यासासाठी घेतलेला क्रम ई. कोलायच्या ओम्प-ए या प्रथिनाचा आहे. त्याच्या पटलातील भागाची क्ष-किरण संरचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे खरे उत्तर माहीत आहे आणि क्रमावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष त्यावर घासून पाहता येतो. हाच क्रम निवडण्याचे कारण असे की नेहमीच्या चाचण्या त्याच्यावर एकापाठोपाठ लावल्या तर उत्तर प्रत्येक पायरीला फिरते, आणि मध्ये एकदा बरोबर उत्तर मिळते ते साफ चुकीच्या कारणाने.

पहिली चाचणी: संपूर्ण क्रमाची सरासरी

काइट आणि डूलिटल यांनी १९८२ मध्ये दिलेली हायड्रोपथी (अमिनो आम्ल किती जलविरोधी हे सांगणारी) मापनश्रेणी अजूनही सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात आयसोल्युसिनला +४.५, व्हॅलिनला +४.२, ल्युसिनला +३.८, अ‍ॅलनिनला +१.८ असे गुण आहेत. दुसऱ्या टोकाला लायसिन −३.९ आणि आर्जिनिन −४.५. अस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल, अस्पॅराजिन आणि ग्लुटामिन हे चौघे −३.५ वर आहेत. प्रत्येक अवशेषाचे (साखळीतल्या अमिनो आम्लाचे) गुण मिळवायचे आणि लांबीने भागायचे. सरासरी ठळक धन आली तर पटलातील प्रथिनाचा संशय घ्यायचा, ऋण आली तर विद्राव्य मानायचे.

ओम्प-एच्या ३४६ अवशेषांची बेरीज −११७.२ येते, म्हणजे सरासरी −०.३४. विद्राव्य प्रथिनांत अगदी सहज सापडणारा हा आकडा आहे. ज्यात सात हेलिक्स (साखळीची सर्पिल वेटोळी) पटल ओलांडतात अशा बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनसारख्या प्रथिनात ही चाचणी चालते, कारण तिथे साखळीचा बराचसा भाग पटलातच असतो. पण ज्या प्रथिनाचा एखादाच तुकडा पटलात आहे आणि बाकीचे शेकडो अवशेष पाण्यात आहेत, तिथे तो तुकडा सरासरीत बुडून जातो. म्हणून एकट्या सरासरीवर निकाल देऊ नये. यादी चाळताना पहिला अंदाज म्हणून ती चालेल, त्याहून जास्त नाही.

दुसरी चाचणी: १९ अवशेषांची सरकती चौकट

पटलाचा चरबीयुक्त गाभा साधारण ३० अँगस्ट्रॉम जाडीचा असतो. अल्फा हेलिक्समध्ये प्रत्येक अवशेषामागे साखळी १.५ अँगस्ट्रॉम पुढे सरकते, म्हणजे गाभा ओलांडायला सुमारे २० अवशेष लागतात. काइट-डूलिटल पद्धतीत १९ अवशेषांची चौकट क्रमावरून एकेका घराने सरकवतात आणि कुठेही सरासरी १.६ च्या वर गेली तर तिथे पटल ओलांडणारा हेलिक्स असण्याची शक्यता धरतात.

खरा पटल-हेलिक्स कसा दिसतो याचा नमुना म्हणून मानवी ग्लायकोफोरिन-ए घ्यावा. त्याच्या पटलातील भागाचे पहिले १९ अवशेष मोजले तर बेरीज ५०.७ आणि सरासरी २.६७ येते. इथे शंकेला जागाच नाही.

आता ओम्प-ए. त्याची सुरुवात, अमिनो आम्लांच्या संक्षिप्त नावांनी, अशी: मेट-लाय-लाय-थ्र-अ‍ॅल-आयल-अ‍ॅल-आयल-अ‍ॅल-व्हॅल-अ‍ॅल-ल्यू-अ‍ॅल-ग्लाय-फेन-अ‍ॅल-थ्र-व्हॅल-अ‍ॅल-ग्लन-अ‍ॅल. चौकट ४ ते २२ या घरांवर आली की बेरीज ३४.९ आणि सरासरी १.८४ होते. मर्यादा ओलांडली, आणि चाचणी म्हणते की हे एका हेलिक्सचे पटल-प्रथिन आहे.

प्रथिन खरोखरच पटलातले आहे, त्यामुळे हे उत्तर बरोबर वाटते आणि तपास इथेच थांबण्याचा धोका असतो. पण चाचणीने दाखवलेला तुकडा हा सिग्नल पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाला आतल्या पटलापलीकडे पाठवणारा सुरुवातीचा तुकडा. प्रथिन आतल्या पटलातून पलीकडे जाताना सिग्नल पेप्टिडेज हे विकर पहिले २१ अवशेष कापून टाकते. परिपक्व ३२५ अवशेषांच्या प्रथिनात तो तुकडा उरतच नाही. पेरिप्लाझममध्ये (दोन पटलांमधल्या जागेत) जाणाऱ्या कितीतरी निव्वळ विद्राव्य प्रथिनांना असाच सिग्नल असतो आणि त्यांच्यावरही हीच चाचणी "पटल" असा शिक्का मारते.

या सिग्नलची लक्षणे क्रमात नीट वाचता येतात. सुरुवातीला दोन लायसिन, म्हणजे धन प्रभार. मग जलविरोधी पट्टा. शेवटी छेदाच्या आधीच्या पहिल्या आणि तिसऱ्या घरात लहान अवशेष. इथे दोन्ही ठिकाणी अ‍ॅलनिन आहे. छेदानंतरचा पहिला अवशेष सिस्टीन नाही, हेही लगेच पाहून घ्यावे. तो सिस्टीन असता आणि त्याच्या आधी ल्युसिन असलेला लिपोप्रथिनाचा ठराविक नमुना असता, तर प्रथिनाला चरबीची शेपटी जोडली गेली असती. मग ते विद्राव्य घडणीचे असूनही पटलाला टांगलेले राहिले असते. तो तिसराच वर्ग आहे आणि त्याला वेगळीच वागणूक लागते.

चाचणी इथे का फसली, हे आकड्यांतच दिसते. ४ ते २२ या १९ घरांत ९ अ‍ॅलनिन आहेत. त्यांचे १६.२ गुण म्हणजे एकूण ३४.९ पैकी जवळजवळ निम्मे. काइट-डूलिटल श्रेणी अ‍ॅलनिनला +१.८ देते, पण पेशीतील प्रत्यक्ष यंत्रणा अ‍ॅलनिनकडे तशी पाहत नाही. २००५ मध्ये सेक-६१ या, प्रथिने पटलात घालणाऱ्या वाहिनीवर केलेल्या मोजमापात हेलिक्सच्या मध्यावर अ‍ॅलनिन ठेवण्याची ऊर्जा +०.११ किलोकॅलरी प्रति मोल आली, म्हणजे जवळपास शून्य. आयसोल्युसिनची −०.६० आणि ल्युसिनची −०.५५ होती (ऋण म्हणजे पटलाकडे ओढा). ग्लायकोफोरिनच्या त्या १९ अवशेषांत अ‍ॅलनिन एकच आहे आणि भार आयसोल्युसिन, ल्युसिन व व्हॅलिन यांच्यावर आहे. १.६ ते २.० या पट्ट्यात येणारा कोणताही तुकडा दिसला की त्यातले अ‍ॅलनिन मोजावेत. ते एक तृतीयांशाहून जास्त असतील, तर हेलिक्स म्हणण्याआधी ऊर्जेवर आधारित श्रेणीने पुन्हा तपासावे. ही एक सवय अनेक खोटे हेलिक्स वाचवते.

हेलिक्स ओळखणाऱ्या टीएमएचएमएम या प्रारूपात याच चुकीसाठी एक सूचना ठेवलेली आहे. पटलात असण्याची शक्यता असलेल्या अवशेषांची अपेक्षित संख्या १८ च्या वर असेल तर पटल-प्रथिन धरायचे, पण पहिल्या ६० अवशेषांतच ती १० च्या वर गेली तर सिग्नल पेप्टाइड असू शकते असा इशारा मानायचा. प्रत्यक्षात लोक पहिला आकडा पाहतात आणि दुसरा सोडून देतात. सिग्नल आणि हेलिक्स यांना एकाच प्रारूपात परस्परांचे प्रतिस्पर्धी ठेवणारी फोबियससारखी साधने (२००४) या बाबतीत जास्त विश्वासार्ह आहेत.

सिग्नल कापल्यावर

पहिले २१ अवशेष काढून चौकट पुन्हा चालवली की चित्र उलटते. परिपक्व साखळीतील सर्वांत उंच टोक मूळ क्रमांकाच्या १३९ ते १५७ या घरांत येते आणि तिथली सरासरी फक्त ०.८२ आहे. १.६ च्या जवळपासही काही नाही. फक्त अल्फा हेलिक्स शोधणारे कोणतेही साधन इथे "विद्राव्य" म्हणणार.

इथे बरेच तपास थांबतात, आणि बाह्यपटलातील प्रथिने विद्राव्यांच्या यादीत पडतात ती इथेच.

पुढचा आकडा सर्वांत बोलका आहे. ओम्प-एचे दोन भाग आहेत: परिपक्व क्रमांकाने (सिग्नल कापल्यावर नव्याने मोजून) पहिले सुमारे १७१ अवशेष पटलात बसणारी आठ स्ट्रँडची बीटा बॅरल, म्हणजे साखळीच्या ताणलेल्या पट्ट्यांचे पिंप, बनवतात. मग अ‍ॅलनिन-प्रोलिनची लवचिक जोडपट्टी लागते आणि पुढचा भाग पेरिप्लाझममध्ये राहून पेप्टिडोग्लायकनला (पेशीभित्तीच्या जाळीला) धरतो. दोन्हींची सरासरी वेगवेगळी काढली तर पटलातला भाग −०.५३ येतो आणि जोडपट्टीसह उरलेला पाण्यातला भाग −०.३५. म्हणजे जो पटलात आहे तोच जास्त जलस्नेही दिसतो! श्रेणी बदलून, चौकट लहान-मोठी करून किंवा मर्यादा खाली आणून हे दुरुस्त होणार नाही. मर्यादा ०.८ पर्यंत खाली आणली तर ओम्प-ए सापडेल, पण त्याबरोबर विद्राव्य प्रथिनांच्या गाभ्यातले असंख्य हेलिक्सही आत येतील. प्रश्नच वेगळ्या पद्धतीने विचारावा लागतो.

बीटा स्ट्रँडला बीटाची भाषा

स्ट्रँडमध्ये प्रत्येक अवशेषामागे साखळी सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम पुढे जाते. बॅरलमधले स्ट्रँड पटलाच्या लंबरेषेशी तिरके असतात. ४५ अंश तिरकेपणा धरला तर प्रत्येक अवशेषामागे उभी प्रगती २.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास होते. बाह्यपटलाचा चरबीयुक्त गाभा २५ अँगस्ट्रॉम धरला, तर ओलांडायला १० ते ११ अवशेष पुरतात. १९ ची चौकट म्हणजे एक अख्खा स्ट्रँड आणि त्याच्या शेजारची वळणे किंवा दुसऱ्या स्ट्रँडचा तुकडा. मोजायचे ते आणि नको ते असे दोन्ही एकत्र मिसळले जाते.

शिवाय स्ट्रँडमध्ये बाजूसाखळ्या एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करतात. बाहेरची बाजू चरबीला लागते, म्हणून जलविरोधी. आतली बाजू बॅरलच्या पोकळीकडे असते आणि ओम्प-एत तिथे प्रभारित व ध्रुवीय अवशेष एकमेकांना धरून असतात. दोन्हींची सरासरी काढली की ते एकमेकांना खोडतात. म्हणून सम आणि विषम घरे वेगळी करून मोजावीत.

बॅरलचा आठवा स्ट्रँड, परिपक्व क्रमांक १६२ ते १७०: ल्यू-सेर-ल्यू-ग्लाय-व्हॅल-सेर-टायर-आर्ग-फेन. नऊ अवशेषांची एकत्र सरासरी ०.७६. आता वेगळे करू. चरबीकडे तोंड करणारे १६२, १६४, १६६, १६८ आणि १७०: सरासरी +२.६६. आत वळलेले १६३, १६५, १६७, १६९: −१.६३. फरक ४.३.

सातवा स्ट्रँड, १३५ ते १४३: आयल-अ‍ॅल-थ्र-आर्ग-ल्यू-ग्लू-टायर-ग्लन-ट्रिप. एकत्र सरासरी −०.४८, म्हणजे सरळसरळ "विद्राव्य". बाहेरचे पाच +१.०८, आतले चार −२.४३. फरक ३.५.

पहिला स्ट्रँड, ७ ते १५: ट्रिप-टायर-थ्र-ग्लाय-अ‍ॅल-लाय-ल्यू-ग्लाय-ट्रिप. बाहेरचे +०.६२, आतले −१.५०. फरक फक्त २.१. हा स्ट्रँड कमजोर का दिसतो? कारण त्याच्या दोन्ही टोकांना बाहेर तोंड केलेले ट्रिप्टोफॅन आहेत आणि काइट-डूलिटल श्रेणी ट्रिप्टोफॅनला −०.९ देते. पटलाच्या सीमेवर, जिथे चरबीची डोकी आणि पाणी भेटतात, तिथे ट्रिप्टोफॅन सर्वांत जास्त आवडीने बसतो. विम्ली-व्हाइट यांच्या १९९६ च्या सीमा-श्रेणीत तो −१.८५ किलोकॅलरी प्रति मोलवर आहे, फिनाइलअ‍ॅलनिन −१.१३ वर आणि टायरोसिन −०.९४ वर, तिथे ऋण म्हणजे पटलाकडे ओढा. बॅरलसाठी काइट-डूलिटलऐवजी किंवा निदान तिच्या जोडीला सीमा-श्रेणी वापरावी. दोन श्रेणींची चिन्हे उलट असतात. एकाच तक्त्यात भरताना हे चिन्ह बदलायचे राहून गेले तर निकाल नेमका उलटा येतो आणि कुठलीच त्रुटी-सूचना मिळत नाही.

हे मोजण्याची पद्धत सोपी आहे. सिग्नल काढून टाकलेल्या क्रमावर ९ किंवा १० अवशेषांची चौकट सरकवावी, प्रत्येक ठिकाणी सम-विषम फरकाचे निरपेक्ष मूल्य नोंदवावे. मर्यादा मनाने ठरवू नये. त्याच क्रमातील अवशेष हजार वेळा फेरवाटून हीच मोजणी करावी आणि मूळ क्रमात उंच टोके किती जास्त येतात ते पाहावे. अमिनो आम्लांचे प्रमाण तेच राहते आणि फक्त क्रमवारी मोडते, त्यामुळे फरक खरोखर आळीपाळीमुळेच आहे हे कळते. अल्फा हेलिक्ससाठी हीच कल्पना १०० अंशांच्या आवर्तनाने हायड्रोफोबिक मोमेंट म्हणून मोजतात. स्ट्रँडसाठी कोन १६० ते १८० अंश घ्यावा.

पण आळीपाळी विद्राव्य प्रथिनांतही असते

ही या चाचणीची खरी कमजोरी. विद्राव्य प्रथिनात बीटा पत्र्याची एक बाजू गाभ्याकडे आणि दुसरी पाण्याकडे असते, त्यामुळे तिथेही सम-विषम फरक उंच येतो. एक-दोन टोकांवर काही सिद्ध होत नाही. ओम्प-एच्या बाबतीत पुढचे पुरावे एकत्र येतात तेव्हाच पारडे झुकते.

सिग्नल पेप्टाइड आहे आणि जीवाणू ग्राम-ऋण आहे, म्हणजे बाह्यपटल उपलब्ध आहे. हे नसेल तर जीवाणूच्या बॅरलचा विचारच सोडावा. बॅरलच्या १७१ अवशेषांत २६ ग्लायसिन (१५ टक्के) आणि २३ सुगंधी (कार्बन-वलय असलेले) अवशेष आहेत: १३ टायरोसिन, ५ ट्रिप्टोफॅन, ५ फिनाइलअ‍ॅलनिन. ल्युसिन मात्र १०च, म्हणजे ६ टक्क्यांहून कमी. साधारण प्रथिनांत तो सर्वांत जास्त आढळणारा अवशेष असतो. बॅरलच्या भागात सिस्टीन एकही नाही. प्रथिनातले दोन्ही सिस्टीन, परिपक्व क्रमांक २९० आणि ३०२, पेरिप्लाझममधल्या भागात आहेत. बाह्यपटलातील बॅरलमध्ये सिस्टीन विरळाच असतो, त्यामुळे हा पुरावा लहान असला तरी उपयोगी आहे.

आणखी एक खूण म्हणजे शेवटचा सुगंधी अवशेष. बाह्यपटलातील बॅरल पटलात बसवणारी बॅम यंत्रणा शेवटच्या स्ट्रँडची खूण ओळखते, आणि त्या स्ट्रँडच्या टोकाला बहुधा फिनाइलअ‍ॅलनिन असतो. बरीच साधी गाळणी साखळीचा अगदी शेवटचा अवशेष पाहतात. ओम्प-एची साखळी मात्र अ‍ॅलनिनवर संपते, कारण बॅरलनंतर आणखी दीडशे अवशेष आहेत. खूण आहे, पण ती १७० व्या घरात. म्हणून ही चाचणी साखळीच्या शेवटाऐवजी बॅरल-भागाच्या शेवटाला लावावी आणि त्याआधी भाग वेगळे करून घ्यावेत. प्रोलिन-अ‍ॅलनिनचा पट्टा ही इथे सोयीची शीव आहे.

हे सगळे हाताने करणे एका क्रमासाठी ठीक आहे. शेकडो क्रमांसाठी सिग्नल, अल्फा आणि बीटा या तिन्हींचा एकत्र निर्णय देणारे डीप-टीएमएचएमएमसारखे साधन (२०२२) घ्यावे. तरीही संशयास्पद क्रमांवर वरची मोजणी स्वतः करून पाहणे मोलाचे ठरते, कारण साधनाने "बॅरल" म्हटले तर कोणत्या स्ट्रँडच्या जोरावर म्हटले हे समजते.

संगणक-प्रारूपाला वर्गीकरण शिकवताना हाच क्रम काय बिघडवतो

ओम्प-ए प्रशिक्षण-संचात कुठे ठेवला आहे, यावर अख्ख्या वर्गीकरकाचे वागणे बदलते. पटल-वर्गात फक्त हेलिक्सवाली प्रथिने घेतली आणि "उरलेली सारी" विद्राव्य मानली, तर बॅरल गुपचूप विद्राव्य वर्गात जातात आणि प्रारूप ती चूक खरी म्हणून शिकते. पटल-वर्ग सिग्नलसकट आणि विद्राव्य वर्ग फक्त पेशीद्रवातल्या प्रथिनांचा असेल, तर प्रारूप सिग्नल ओळखायला शिकते, पटल नाही. अचूकता सुंदर दिसते आणि पेरिप्लाझममधल्या प्रथिनांवर कोसळते. त्यामुळे विद्राव्य वर्गात स्रवणारी प्रथिने मुद्दाम भरावीत आणि दोन्ही वर्गांतील सिग्नल एकाच नियमाने काढावेत.

सजातीय क्रम हा आणखी एक सापळा. ओम्प-एचे जवळचे नातलग अनेक जीवाणूंत आहेत. एक प्रशिक्षणात आणि दुसरा चाचणीत पडला तर प्रारूपाने काही शिकल्याशिवायच उत्तर जुळते. आधी साम्यानुसार गट पाडावेत आणि अख्खा गट एकाच बाजूला ठेवावा. जीनोममध्ये पटल-प्रथिने साधारण २० ते ३० टक्के असतात, म्हणून निम्म्या-निम्म्या संचावर मोजलेली विश्वासार्हता जीनोमवर तशीच मिळेल असे धरू नये. खोट्या "पटल" निकालांचे प्रमाण तिथे वाढते.

प्रयोगशाळेत पडताळा

क्रमावरून "बॅरल" असा अंदाज आला की तपासण्याचा स्वस्त मार्ग एसडीएस (प्रथिने उलगडणारा डिटर्जंट) जेलवर आहे, जिथे प्रथिने आकारानुसार वेगळी होतात. नमुन्याचे दोन भाग करावेत. एक एसडीएस बफरमध्ये न उकळता ठेवावा, दुसरा ९५ ते १०० अंशांवर पाच मिनिटे उकळावा. घडी घातलेली बॅरल एसडीएसमध्येही तग धरते, त्यामुळे न उकळलेला ओम्प-ए सुमारे ३० किलोडाल्टनच्या ठिकाणी धावतो आणि उकळलेला ३५ च्या ठिकाणी. पट्टी सरकली तर बॅरलच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. जेल तापू देऊ नये.

प्रथिन गाळात सापडले म्हणून ते पटलातले, हा निष्कर्ष मात्र काढू नये. भरमसाट निर्मितीत विद्राव्य प्रथिनेही चुकीची घडी घेऊन गाळ बनवतात. असा गाळ १०,००० ते १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) इतक्या वेगातच बसतो, तर पटलाचे तुकडे खाली आणायला १,००,००० जी आणि तासभर लागतो. दोन टप्प्यांत सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय दोन्ही गाळ एकसारखेच दिसतात. पटलाचा गाळ मिळाला की तो पीएच ११ च्या वरच्या ०.१ मोलर सोडियम कार्बोनेटने धुवावा. वरवर चिकटलेली प्रथिने निघून जातात आणि पटलात रुतलेली राहतात. सिग्नल न जोडता बनवलेली ओम्प-एची बॅरल पेशीत गाळ म्हणूनच जमते, पण ८ मोलर युरियात विरघळवून योग्य डिटर्जंटमध्ये पातळ केली की पुन्हा घडी घेते. पेरिप्लाझममधल्या भागाला यातले काहीच लागत नाही. तो वेगळा बनवला तर साध्या बफरमध्ये राहतो. म्हणून नोंदीत ओम्प-एसमोर एकच शिक्का न मारता भागवार लिहावे: १ ते २१ सिग्नल, कापला जातो, त्यापुढे परिपक्व क्रमांकाने १ ते १७१ बीटा बॅरल, बाह्यपटल, त्यापुढे जोडपट्टी आणि विद्राव्य भाग.

एका वर्गापुढे ही सारी पद्धत थांबते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे अल्फा-हिमोलायसिन हे विष २९३ अवशेषांचे विद्राव्य एकक म्हणून स्रवते आणि यजमान पेशीवर सात एकके एकत्र येऊन १४ स्ट्रँडची बॅरल पटलात घुसवतात, प्रत्येकाचे दोन स्ट्रँड. अशा क्रमासाठी "पटल की विद्राव्य" या रकान्यात दोन्ही खुणा करायची सोय तक्त्यात आधीपासूनच ठेवावी.